दुसरी साखळी

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी कोणी पाहुणा आला की "साहेब, नोकरीतली एखादी केस सांगा" असा आग्रह होतोच. मीही सांगतो. देवळातली घंटा चोरून ती विकताना वाजली म्हणून सापडलेला चोर सांगतो. मांडवातून पळालेला नवरदेव सांगतो. एक केस मात्र मी कायम टाळत आलो. गंमत अशी की, माझ्या सेवापुस्तकात ज्या एका तपासाबद्दल वरिष्ठांची शाबासकी नोंदली आहे, तो हाच तपास. कागदावर ती माझी सर्वांत चांगली केस आहे. त्या कागदातली दोन वाक्यं खोटी आहेत, आणि ती मीच लिहिली आहेत.

आमचं घराणं तंजावूरचं, राजवाड्यामागच्या गल्लीतलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी लिहायला मी निवृत्तीनंतर शिकलो, त्यामुळे माझी वाक्यं पोलिसी अहवालासारखी वाटली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या, ती ही वर्षं. आमच्या भागात त्याचा पुरावा म्हणजे पिवळे एसटीडी बूथ, रंगीत टीव्ही आणि उंच लोखंडी मनोरे. पुढे कारखाने येणार म्हणून तंजावूर आणि तिरुवैयारुच्या मधल्या भागात, एका कालव्याच्या काठाकाठानं, त्याच वर्षी विजेची एक मोठी लाइन उभी राहिली. तिला अगदी लागून खेड्यांना आणि शेतातल्या पंपांना वीज देणारी जुनी, बुटक्या खांबांची लाइन जात होती. तीनचार मैल दोन्ही लाइनी शेजारी शेजारी. मोठ्या मनोऱ्यांच्या पायाशी ते जुने खांब लग्नाच्या फोटोत पुढे बसवलेल्या पोरांसारखे दिसत.

त्याच भागातल्या एका ठाण्यावर मी सब-इन्स्पेक्टर होतो. वय तिशीच्या आत, मिशी नवी, आवाज गरजेपेक्षा मोठा.

त्या दिवशी आयुधपूजा होती. आमच्याकडे या दिवशी ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं घासूनपुसून, गंध-कुंकू लावून देवीपुढे मांडतात. एकदा मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत उचलायची नाही, असा कडक नेम. आमचा हेड कॉन्स्टेबल या बाबतीत कोणाचं ऐकत नसे. बंदुका, लाठ्या, बेड्या, टाइपरायटर, लॉकअपचं कुलूप, कशालाही त्यानं सोडलं नव्हतं. जीपच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं आणि वायरलेसच्या बटणावर कुंकवाचा एवढा मोठा टिळा की, बोलल्यावर अंगठा लाल होई.

दुपारी अडीचच्या सुमारास खबर आली की, कालव्याजवळच्या जुन्या लाइनवर काम करताना एक लाइनमन शॉक लागून खाली पडला. खाली नुकतीच रोपं लावलेलं भाताचं शेत होतं, गुडघाभर चिखल. त्यामुळे माणूस जिवंत होता, पण उजवा हात भाजलेला, खांदा निखळलेला आणि शुद्ध हरपलेली. त्याला तंजावूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

मी निघण्याच्या तयारीत असतानाच ठाण्यातला फोन वाजला. नाव न सांगता, तमिळमध्ये साहेबाला म्हणतात तसं 'अय्या' म्हणत एक माणूस बोलला, "अय्या, हा अपघात नाही. लाइन बंद होती. सबस्टेशनच्या ऑपरेटरनं मुद्दाम चालू केली. परवाच चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर तो लाइनमनला म्हणाला होता, एक दिवस लाइन तुला धडा शिकवील."

फोन बंद.

तो ऑपरेटर मला ठाऊक होता. आमच्याच गल्लीतला, मराठी घरचा, निवृत्तीला वर्ष राहिलेला. मी त्यांना काका म्हणत असे. सबस्टेशनमध्ये सगळे त्यांना 'राव' म्हणत, आणि माघारी 'हेडमास्तर'. कारण लाइनवर चढण्याआधी जी परवानगी घ्यावी लागते, तिचा नंबर ते फोनवर तीनतीनदा वदवून घेत, वहीत वेळ लिहीत, आणि मगच "चढ" म्हणत.

मी सबस्टेशनला गेलो. वहीत लाइन बंद केल्याची वेळ होती, चालू केल्याची नव्हती. पण वही लिहिणारे तेच, आणि त्या वेळी खोलीत एकटेही तेच. लाइनमनच्या टोळीचा फोरमन म्हणाला, "अय्या, आम्ही सगळे नियम पाळले होते. बंद लाइनमध्ये वीज आली ती स्टेशनातूनच येणार. दुसरीकडून कुठून येईल?" मला ते पटलं. मी लाइन चालू-बंद करायच्या ब्रेकरची खोली कुलूपबंद करून सील केली, किल्ली खिशात टाकली आणि काकांना ठाण्यावर यायला सांगितलं. चार वाजता डायरीत नोंद झाली. गुन्हा, खुनाचा प्रयत्न. दुसऱ्या दिवशी चारच्या आत त्यांना न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं भाग होतं. एकदा तिथून कोठडी मिळाली की नोकरीवरून निलंबन, आणि मग बत्तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट तुरुंगात.

काका ठाण्यात शिरले ते हसतच. मराठीत म्हणाले, "काय रे बाळा, पूजेचा प्रसाद द्यावयास बोलाविलेंस होय?"

हेड कॉन्स्टेबलनं माझ्याकडे पाहिलं. ठाण्याच्या नोंदी लिहिणाऱ्या रायटरनं वहीतून मान वर केली. मला वाटलं, उद्या हे दोघे बाहेर सांगणार की, साहेबानं आपल्या भाषेचा माणूस वाचवला. नवीन अधिकाऱ्याला चोरांपेक्षा स्वतःच्या ठाण्याची भीती जास्त असते.

"तमिळमध्ये बोल," मी तमिळमध्ये म्हणालो. एकेरीत.

ते गोंधळले. माणूस घाबरला की त्याच्या तोंडून घरचीच भाषा येते. "बोलतों की. पण आधीं तूं साखळी बघ. जमिनीशीं जोडलेली साखळी तारेवर होती. मी वीज सोडली असती तर ती जळून काळी झाली असती. तूं एवढी साखळी बघ, मग मज काय विचारावयाचें तें विचार."

"समजत नाही," मी म्हणालो. "तमिळ."

त्याच दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन मी त्यांच्या बायकोकडे याच भाषेत दुसरी पुरणपोळी मागून खाल्ली होती.

 मग काका स्वच्छ तमिळमध्ये, मला 'तुम्ही' म्हणत बोलले, "विचारा, सार. तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देईन."

मी हो-नाहीत उत्तर मागितलं. धडा शिकवील असं म्हणालास? हो. ब्रेकरच्या खोलीत एकटा होतास? हो. भांडण झालं होतं? हो. तीन हो मिळाल्यावर मला फार कर्तबगार वाटलं. आज नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो, जो हो-नाहीत उत्तर मागतो, त्याला माहिती नको असते, सही हवी असते.

"बेड्या घाल," मी हेड कॉन्स्टेबलला सांगितलं.

तो जागचा हलेना. "अय्या, बेड्या पूजेत आहेत."

"मग लॉकअपमध्ये ठेव."

"कुलपालाही गंध लागलंय, अय्या. उद्या सकाळपर्यंत उघडता येत नाही."

"म्हणजे आरोपीला ठेवू कुठे? देवीच्या मांडीवर?"

"बाकावर बसतील की. राव काय पळून जाणार आहेत? गुडघे बघा त्यांचे." आणि त्यानं काकांच्या हातात प्रसादाचे चुरमुरे आणि हरभऱ्याची उसळ ठेवली. काकांनी ती खाल्ली, मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि रात्र त्या बाकावर काढली. भाषेच्या बाबतीत ठाण्यात माझ्याइतका कडक कोणी नव्हता, आणि देवीच्या बाबतीत हेड कॉन्स्टेबलइतका. सुदैव म्हणजे देवीची बाजू भारी पडली.

सकाळी आठला मी दवाखान्यात गेलो. लाइनमन शुद्धीवर आला होता. उजवा हात पट्ट्यांत गुंडाळलेला, पण तोंड अगदी धडधाकट.

"अय्या, चिखलात पडलो म्हणून वाचलो," तो म्हणाला. "बायको म्हणते, लग्नाला बारा वर्षं झाली, तुमच्या अंगाच्या चिखलाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला."

बाजूला बसलेली बायको म्हणाली, "धोतरं मी धुते, म्हणून बोलते."

मी विचारलं, "ऑपरेटरनं तुला मारायला लाइन चालू केली?"

तो हसायला लागला आणि खांदा दुखल्यामुळे कण्हला. "राव? अय्या, बायकोनं कॉफी दिली तरी वहीत वेळ लिहून सही घेईल तो माणूस! परवा भांडला तेही कशावरून? मी एकच साखळी टाकून खांबावर चढतो म्हणून. म्हणाला, एका बाजूला साखळी आणि दुसरी बाजू उघडी ठेवून चढतोस, एक दिवस लाइन तुला धडा शिकवील."

फोनवर मला या वाक्याचा फक्त शेवट मिळाला होता.

"नेमकं काय झालं ते सांग."

त्यानं डाव्या हातानं हवेत चित्र काढलं. खांबावरचं फुटलेलं, तार टेकवायचं चिनी मातीचं भांडं बदलायचं होतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या तारांना जोडणारे तीन तुकडे तो एकेक करून सोडत होता. "पहिला सोडला, काही नाही. दुसरा सोडला, काही नाही. तिसरा सोडला, अय्या. डाव्या हातात स्टेशनाकडची तार होती, साखळी लावलेली, थंडगार. उजव्या हातात पलीकडची. आणि मग मी थेट शेतात."

"मग शॉक पलीकडच्या बाजूनं आला?"

"हो."

"पलीकडे काय आहे?"

"केळीची बाग आणि एक पंप. लाइन तिथे संपते."

मी उठून उभा राहिलो. केळीच्या बागेतून वीज कोण सोडणार? आणि तेव्हा, आदल्या दिवशी मला 'न समजलेलं' वाक्य शब्दन् शब्द आठवलं.

टोळीच्या लॉरीत साखळी पडलेली होती. तांब्याची, वापरून गुळगुळीत झालेली. मी तिची कडी न् कडी पाहिली. जळल्याची कुठे खूण नाही, काळा ठिपका नाही. मग मी फोरमनला विचारलं, "दुसरी कुठे आहे?"

"दुसरी कुठली, अय्या?"

माझ्या डोक्यात आमच्या बेड्या होत्या. मी सरळ त्यांच्या ऑफिसात गेलो. देवीच्या तसबिरीपुढे पकडी, दोर, शिड्या, हातमोजे मांडलेले, आणि बरोबर मध्यभागी, शेवंतीची माळ घातलेली, कडीकडीला कुंकू लावलेली दुसरी साखळी.

फोरमन म्हणाला, "दोन्ही पूजेत होत्या, अय्या. दुपारी शेतकऱ्यांचा फोन आला, पंप बंद आहे, रोपं नवीन आहेत. कडेची होती ती उचलली. मधली उचलली तर सगळी मांडणी मोडली असती. वीस वर्षं याच लाइनवर एका साखळीनं काम केलंय मी. कधी मुंगीसुद्धा चावली नाही."

"आणि मला फोन कोणी केला?"

तो देवीकडे बघत म्हणाला, "मीच."

अर्धं वाक्य सांगून एका माणसाला फासात अडकवल्याबद्दल मी त्याला यथेच्छ फैलावर घेतलं. मला तर पूर्ण वाक्य मिळालं होतं, हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

वीस वर्षं काही झालं नाही आणि कालच का, हे मात्र मला कळत नव्हतं. ते सांगू शकणारा माणूस माझ्याच ठाण्यात बाकावर बसला होता. त्यांना जीपमध्ये घालून आम्ही शेतावर गेलो. ब्रेकर माझ्या सीलखाली, किल्ली माझ्या खिशात. फोरमननं साखळी आदल्या दिवशीसारखीच, फक्त स्टेशनाकडच्या बाजूला लावली. मग काका म्हणाले, "आता पूजेतली ती दुसरी साखळी जमिनीशी जोडून लांब काठीनं पलीकडच्या तारेजवळ न्या. चिकटवू नका. नुसती जवळ."

काठी वर गेली. तार अजून एक बोट दूर असेल, आणि चट्‌ चट्‌ करत निळी ठिणगी उडाली. हेड कॉन्स्टेबलनं दोन्ही हातांनी गालांवर चापट्या मारून देवाची माफी मागितली. मी खिशातली किल्ली चाचपली. ती होती. ज्या माणसावर वीज सोडल्याचा आरोप होता, तो माझ्या शेजारी, चिखलात, धोतर वर धरून उभा होता.

"सार, ती बघा," काकांनी वरच्या मोठ्या लाइनकडे बोट दाखवलं. "ती या वर्षी आली. वीणेची एक तार छेडली तर शेजारची कोणी हात न लावताही घुमते ना, तसं आहे हे. ही जुनी लाइन बंद असली तरी मोठीच्या शेजारी इतके मैल धावते, म्हणून हिच्या अंगात वीज भरते. जमिनीशी जोडलेली साखळी असली की ती उतरून जाते. पहिले दोन तुकडे सोडले तरी तिसऱ्यातून आणि पंपाच्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडच्या तारा साखळीला जोडलेल्या होत्या. तिसरा सोडला, आणि पलीकडची बाजू अधांतरी राहिली. म्हणून काम करायच्या दोन्ही बाजूंना साखळी हवी. आधी जमिनीत, मग तारेवर. काढताना उलट." मग फोरमनकडे वळून म्हणाले, "आता चिकटव. बघतोस काय? तुझीच हळद-कुंकवाची बाई आहे ती."

सगळे हसले. साखळी तारेला लागली आणि आवाज बंद झाला. मग फोरमननं हातानं तार धरून दाखवली. त्याला काही झालं नाही.

साडेबारा वाजले होते. मी ठाण्यात येऊन काकांना सोडल्याची नोंद केली आणि गुन्हा चुकीच्या समजुतीतून दाखल झाल्याचा अहवाल लिहायला बसलो. तिथे मी ती दोन वाक्यं लिहिली. पहिलं, 'चौकशीत संशयिताने कोणताही खुलासा केला नाही.' दुसरं, 'साखळीवर जळल्याची खूण असावयास हवी, ही बाब माझ्या लक्षात आली.' पहिलं लिहिलं नसतं तर दुसरं लिहिता आलं नसतं. रायटरनं ते टाइप केलं. त्याला मराठी येत नव्हती.

अहवाल वर गेला. वरिष्ठांनी शाबासकी दिली. वीज खात्याच्या त्या विभागात हुकूम निघाला की, दोन साखळ्यांशिवाय कोणी लाइनवर चढायचं नाही, आणि आयुधपूजेत साखळ्यांना लांबूनच कुंकू दाखवावं, मांडणीत ठेवू नयेत. माझ्या माहितीप्रमाणे पुढे त्या लाइनवर कोणाला शॉक लागला नाही. लाइनमन दोन महिन्यांनी कामावर आला आणि प्रत्येक वेळी चढण्याआधी "हेडमास्तर, दोन्ही लावल्या!" असं फोनवर ओरडू लागला. फोरमननंही काकांच्या घरी जाऊन त्यांचे पाय धरले. काका म्हणाले, "पाय सोड, आधीच गुडघे दुखतायत."

माफी मागण्यात फोरमन माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

मी पहिला प्रयत्न त्याच दिवशी जीपमध्ये केला. "काका," मी मराठीत म्हणालो, आणि ते तमिळमध्ये म्हणाले, "सार, पुढच्या दुकानात थांबा, कॉफी घेऊ. तुमच्या ठाण्याची कॉफी म्हणजे खरी शिक्षा होती." ड्रायव्हर हसला, मीही हसलो, आणि राहून गेलं. घरासमोर उतरताना गल्लीतली चार माणसं दारात उभी होती. काका मोठ्यानं म्हणाले, "सगळं ठीक आहे, साहेबांनी स्वतः जीपनं घरी सोडलं!" माझी लाज त्यांनीच झाकली.

दुसरा प्रयत्न त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. मी शाल घेऊन गेलो, बोलायचं पाठ करून. त्यांनी मला व्यासपीठावर ओढलं आणि म्हणाले, "ज्यांच्या हुशारीमुळे आज आपल्या प्रत्येक लॉरीत दोन साखळ्या आहेत, ते हे अधिकारी." टाळ्या पडल्या. लाइनमन तर उभा राहून वाजवत होता. तेवढ्या टाळ्यांत खरं सांगायची छाती मला झाली नाही. त्यांना अहवालातलं माहीत होतं का? मला वाटतं, माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांत जराही टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त वाटतं.

त्यानंतर बदल्या झाल्या. सणावाराला गल्लीत गेलो की भेट होई. ते प्रकृती विचारत, पोरांचे मार्क विचारत, मीठ कमी पडलेल्या उसळीवरून माझी थट्टा करत, पण तमिळमध्ये, 'सार' म्हणून. त्यांच्या बायकोशी, माझ्या आईशी, शेजाऱ्यांशी ते मराठीत बोलत. माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. रागानं नव्हे. एका अधिकाऱ्यानं सांगितलेला नियम ते पाळत होते, बाकी सगळे नियम पाळत तसाच.

नोकरीनं मला माणसांबद्दल बरंच शिकवलं, पण या केसनं शिकवलं ते स्वतःबद्दल. निःपक्षपाती दिसण्यासाठी मी एका माणसावर अन्याय केला, आणि तो लपवण्यासाठी त्याच्याच शहाणपणावर माझं नाव घातलं. दिसणं आणि असणं यांत त्या दिवशी मी दिसणं निवडलं.

काका गेले तेव्हा मी चेन्नईत बंदोबस्तावर होतो. त्यांच्या मुलाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अप्पा कधी काही बोलले नाहीत." म्हणजे तेही सांगणं माझ्याच वाट्याला आलं. जे त्यांना सांगायचं होतं, ते अजून सांगायचंच आहे, म्हणून इथे लिहितो.

काका, पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही मला खरं सांगितलं होतं. मला शब्द अन् शब्द समजला होता. मला क्षमा करा.